बीचवर्थ (व्हिक्टोरिया): आईबाबांना घेऊन तीन दिवस, काय करावं?

कोरेगावकर · २९ मार्च

मंडळी, नमस्कार. मेलबर्नमध्ये पाच वर्षं झाली. आईबाबा पहिल्यांदाच आलेत, तीन महिन्यांसाठी. ग्रेट ओशन रोड झाला, पेंग्विन झाले, ट्राममधून शहर पालथं घालून झालं. परवा जेवताना बाबा म्हणाले, "हे सगळं बघितलं. आता एखादं गाव दाखव." आता इथं चावडी आणि पार असलेलं गाव कुठून आणू? ऑफिसात एकाने बीचवर्थ सुचवलं. ईशान्येला, साधारण २८५ किलोमीटर, गाडीने तीन तास. अ‍ॅन्झॅक डे (२५ एप्रिल, लढाईत गेलेल्या सैनिकांच्या स्मृतीची सुटी) शुक्रवारी येतोय, म्हणून गुरुवारी निघून रविवारी परत यायचं ठरवतोय.

बाबा ७२, गुडघा कुरकुरतो, पण सपाटीवर तासभर चालतात. तारखात्यातून निवृत्त. इतिहास म्हटलं की पाय दुखायचे थांबतात. आई ६७, अंडंसुद्धा चालत नाही, आणि इतिहासाचा भयंकर कंटाळा. तिला झाडं, भाज्या, बाजार. नेटवर बघितलं तर सगळीकडे तीच यादी: तुरुंग, बेकरी, वाइन, बिअर. दोघं पीत नाहीत. मग तीन दिवस करायचं काय?

खडूस_काका · २९ मार्च

तीन दिवस? अर्धा पुरे. मुख्य रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा मिनिटांत संपतो. वस्ती चार हजारांच्या आत. आमच्या सोसायटीत याहून जास्त लोक राहतात आणि पार्किंगवरून भांडतात.

पोहेवाली · २९ मार्च

काका आले, धागा शंभरी गाठणार.

@कोरेगावकर, आईंचा शिधा बरोबर ठेवा. बाकी जाणकार सांगतीलच. वाचतेय.

वांगरट्टाची_सून · ३० मार्च

मी सात वर्षं वांगरट्टात राहते. बीचवर्थ म्हणजे आमचं शेजारचं गाव, पाहुणे आले की तिकडेच नेते. त्यामुळे जरा लांबण लावते.

आधी वेळांचं बघा, कारण मेलबर्नची माणसं इथंच फसतात. मंगळवार-बुधवारी बऱ्याच जागा बंद असतात. कॅफेचं स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला आवरतं. रात्री पबमध्ये आठनंतर जेवण मिळेलच असं नाही, आधी फोन करून टेबल सांगून ठेवा. अ‍ॅन्झॅक डेला दुकानं दुपारी एकपर्यंत बंद. आमचे पहिले पाहुणे रात्री पावणेनऊला पोचले आणि आम्ही सगळ्यांनी पेट्रोल पंपावरचे चिप्स खाल्ले. तेव्हापासून गाडीत कुकर असतो. राहायला स्वयंपाकघर असलेली जागा बघा, आईंचा निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

आता गाव. फोर्ड स्ट्रीट आणि कॅम्प स्ट्रीट जिथं एकमेकांना छेदतात तो चौक म्हणजे गावाचं नाक. घड्याळाच्या मनोऱ्याचं पोस्ट ऑफिस तिथंच. तिथून फोर्ड स्ट्रीटवर चालत गेलं की जुन्या सरकारी इमारतींची ओळ लागते. सगळ्या इथल्याच ग्रॅनाइटच्या, मधासारखा रंग. १८५८ चं कोर्ट, तार कचेरी, खजिन्याची इमारत. कोर्ट १९८९ पर्यंत चालू होतं, आत पिंजरा, न्यायाधीशांची खुर्ची, ज्युरीची बाकं जागच्या जागी आहेत.

तुमचे बाबा तारखात्यातले हे वाचून मी उडालेच. त्या तार कचेरीत स्वयंसेवक असतील तर मोर्सचं यंत्र चालवून दाखवतात आणि तुमच्या नावाने तार पाठवतात. रोज असतात असं नाही, गावातल्या माहिती केंद्रात आधी विचारून ठेवा. बाबांना मात्र काही सांगू नका!

आईंसाठी: लेक सॅम्बेल. जुन्या खाणीच्या खड्ड्याचं तळं केलंय, काठाने सपाट वाट आहे, बदकं आहेत, बाजूला चिनी बाग आहे. फोर्ड स्ट्रीटवर मधाचं दुकान आहे, तिथं यलो बॉक्स, आयर्नबार्क, रेड गम असे वेगवेगळ्या निलगिरींचे मध चाखायला मिळतात. प्रत्येकाची चव वेगळी, कुठला पातळ, कुठला काकवीसारखा गडद. आणि नऊएक किलोमीटरवर स्टॅन्ली नावाची वाडी आहे, सफरचंद आणि अक्रोड-चेस्टनटच्या बागांची. एप्रिलअखेर म्हणजे चेस्टनटचा हंगाम. देशात सगळ्यात जास्त चेस्टनट आमच्याच भागात होतात. रस्त्याकडेला फळ्यांची मांडणी, पिशव्या भरून ठेवलेल्या, शेजारी पैसे टाकायला डबा. माणूस नाही. सुटी नाणी बरोबर ठेवा, डब्यात कार्ड चालत नाही :)

खडूस_काका · ३० मार्च

डबा कोणी उचलून नेत नाही?

वांगरट्टाची_सून · ३० मार्च

कधीतरी नेतात. मग पुढच्या आठवड्यात डब्याला साखळी दिसते. पण मांडणी उठत नाही.

सायकलवाला_बापू · ३० मार्च

रेल ट्रेलचं नाव कोणीच घेतलं नाही? मरे टू माउंटन्स. जुनी रेल्वेलाइन उखडून तिथं सायकलचा डांबरी रस्ता केलाय, वांगरट्टापासून ब्राइटपर्यंत, फाटे धरून शंभर किलोमीटरच्या वर. एव्हर्टनहून एक फाटा बीचवर्थला चढतो, १६ किलोमीटर सलग चढ. आगगाडीचा चढ असल्यामुळे कुठंच अंगावर येत नाही, पण संपतही नाही. युक्ती अशी की सायकल बीचवर्थहून खाली सोडायची आणि एव्हर्टनला कोणीतरी गाडी घेऊन उभं राहायचं. मी बायकोला उभं केलं होतं. दुसऱ्या वर्षी तिने मला उभं केलं.

तुमच्या बाबांना जुन्या स्टेशनपासून पहिले दोन किलोमीटर नुसते चालत न्या. झाडी छान आहे.

निवांत_नाना · ३१ मार्च

इतिहासाचा विषय निघाला म्हणून थोडं.

१८५२ मध्ये इथल्या स्प्रिंग क्रीकच्या वाळूत सोनं सापडलं. त्याआधी मेंढ्या चरायच्या. काही महिन्यांत हजारो माणसं तंबू ठोकून बसली. पहिलं नाव मे डे हिल्स. पैसा किती उतू जात होता याचा किस्सा: १८५५ च्या निवडणुकीत डॅनियल कॅमेरॉन नावाच्या उमेदवाराला त्याच्या समर्थकांनी सोन्याचे नाल ठोकलेल्या घोड्यावरून मिरवलं. आजही ईस्टरला त्या सोन्याच्या नालांच्या नावाने जत्रा भरते. आपल्याकडे उमेदवाराची पेढेतुला होते, त्यापुढे हे जरा जास्तच.

दुसरं, बर्क म्युझियम. रॉबर्ट ओ'हारा बर्क इथं पोलीस अधिकारी होता. १८६० मध्ये ऑस्ट्रेलिया दक्षिणोत्तर ओलांडायच्या मोहिमेचा तो म्होरक्या झाला आणि १८६१ मध्ये परतीच्या वाटेवर कूपर क्रीकपाशी उपासमारीने गेला. त्या मोहिमेसाठी २४ उंट कराचीहून जहाजाने मेलबर्नला आणले होते, सोबत उंटवाले. त्यात सामला नावाचा एक हिंदू होता. मोहिमेचं खाणं त्याच्या धर्मात बसेना. सुरुवातीलाच त्याने रजा मागून घेतली आणि निघून गेला. बाकीच्यांपैकी किती जण वाळवंटात मेले ते बघता, त्याचा नेमधर्म त्याला पावला म्हणायचा. तुमच्या मातोश्रींना हा भाग अवश्य सांगा.

पोहेवाली · ३१ मार्च

नाना, हे माहीत नव्हतं! व्हिक्टोरियात "व्हेज काय आहे?" हा प्रश्न विचारणारा बहुधा पहिला माणूस.

मृद्गंधा · ३१ मार्च

म्युझियममध्ये भुसा भरलेला थायलसीन आहे, टास्मानियन वाघ म्हणतात तो. शेवटचा ७ सप्टेंबर १९३६ ला होबार्टच्या प्राणिसंग्रहालयात मेला. तो बघून झाला की गाडीने माउंट पायलटच्या बाजूला येड्डोनबाला जा. मोठ्या ग्रॅनाइटच्या कपारीत मूळनिवासींनी काढलेली चित्रं आहेत, त्यात एक थायलसीन आहे. मुख्य भूमीवरून हा प्राणी साधारण तीन हजार वर्षांपूर्वीच नाहीसा झाला. म्हणजे चित्र बघताना हिशेब करा. रंग फिका आहे, पहिल्या नजरेत काहीच दिसत नाही. शांत उभं राहिलं की हळूहळू पट्टे उमटतात. वाट छोटी आहे, थोडा चढ आणि पायऱ्या आहेत, बाबांना काठी द्या.

मला विचाराल तर बीचवर्थ सोन्याच्या गोष्टीपासून सुरू करू नये, इथून करावं.

आणि दफनभूमी चुकवू नका. विचित्र वाटेल, पण तिथल्या चिनी भागात दोन जळते मनोरे आहेत. जळते म्हणजे कागदी नोटा, प्रार्थना, अगरबत्त्या जाळायचे. १८५७ मध्ये बांधलेले. सोन्यासाठी आलेले सुमारे दोन हजार चिनी तिथं पुरलेत. छोटे छोटे दगड, एकसारखे, रांगेने. १८५७ च्याच ४ जुलैला पलीकडच्या बकलंड खोऱ्यात गोऱ्या खाणकामगारांनी चिनी वस्ती जाळून शेकडो लोकांना हुसकून लावलं होतं. हे लक्षात ठेवून त्या मनोऱ्यांकडे बघितलं की पर्यटन जरा थांबतं.

खडूस_काका · १ एप्रिल

थोडक्यात: तुरुंग, कोर्ट, स्मशान, वेड्यांचं इस्पितळ. आईबाबांची सहल आहे की तेराव्याचा कार्यक्रम?

मृद्गंधा · १ एप्रिल

काका, इस्पितळाचं मी बोललेच नव्हते, तुम्हीच आठवण केलीत. मे डे हिल्स, १८६७ ते १९९५. रात्रीच्या भूतटूर वगैरे असतात त्या सोडा, पण आवार सुंदर आहे, मोठाली जुनी झाडं आहेत, दिवसा नुसतं फिरता येतं. तिथं हा-हा वॉल नावाची युक्ती होती. भिंतीच्या आतल्या बाजूला खंदक, त्यामुळे बाहेरून भिंत कमरेएवढी दिसते आणि आतल्या माणसाला मात्र उडी मारूनही हात पोचत नाही. बाहेरच्याला वाटावं, इथं कोणी कोंडलेलं नाही.

कोरेगावकर · १ एप्रिल

बापरे, एवढं निघेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. तार कचेरीचं बाबांपासून लपवून ठेवलंय. दोन शंका: १) नेड केली नेमका कोण? बाबा आधीच विचारतायत, "चोर की क्रांतिकारक?" २) गाडी न चालवता जाता येतं का? माझ्या चुलतभावाला यायचंय, त्याच्याकडे गाडी नाही.

वांगरट्टाची_सून · १ एप्रिल

दुसऱ्याचं उत्तर सोपं. सदर्न क्रॉसहून व्ही-लाइनची अल्बरीकडे जाणारी ट्रेन, वांगरट्टाला उतरायचं, तिथून बस. मार्च २०२३ पासून राज्यभरच्या रेल्वेला शहरातल्याइतकीच दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादा लावलीय, त्यामुळे खिशाला चटका नाही. फक्त बसच्या वेळा ट्रेनशी जुळतायत का ते बघून निघायला सांगा. सुटीच्या दिवशी जुळतीलच असं नाही.

निवांत_नाना · २ एप्रिल

नेड केली: गरीब आयरिश कुटुंब, पोलिसांशी जुनं वैर. १८७८ च्या ऑक्टोबरात त्याच्या आईला, एलेनला, याच बीचवर्थच्या कोर्टात न्यायमूर्ती रेडमंड बॅरीने तीन वर्षांची सक्तमजुरी दिली. त्याच महिन्यात स्ट्रिंगीबार्क क्रीकला केलीच्या टोळीने तीन पोलीस मारले. पुढे बँका लुटल्या. जून १८८० मध्ये ग्लेनरोवनला शेवटची चकमक, तेव्हा नांगरांच्या लोखंडी पाट्या ठोकून केलेलं चिलखत घालून तो बाहेर आला. पायांना चिलखत नव्हतं. पोलिसांनी पायावर गोळ्या घातल्या. त्या ऑगस्टमध्ये प्राथमिक सुनावणी बीचवर्थला झाली, खटला मात्र मेलबर्नला नेला, न्यायाधीश तोच बॅरी. ११ नोव्हेंबर १८८० ला फाशी. बॅरी त्यानंतर बाराव्या दिवशी गेला.

घाटावरचा · २ एप्रिल

म्हणजे त्यांचा उमाजी नाईक.

खडूस_काका · २ एप्रिल

काहीही. उमाजीने इंग्रजांविरुद्ध जाहीरनामा काढला होता. याने बँका लुटल्या.

घाटावरचा · २ एप्रिल

याचंही लांबलचक पत्र आहे काका, जेरिल्डेरीचं. वाचून बघा, पोलिसांना काय काय शिव्या घातल्यात. आणि उमाजीलाही इंग्रजांच्या कागदात दरोडेखोरच म्हटलंय.

मृद्गंधा · २ एप्रिल

त्या तीन मेलेल्या पोलिसांच्या घरच्यांनाही एकदा विचारून घ्या. तेही आयरिशच होते.

@कोरेगावकर, बाबांना तिथल्या एखाद्या म्हाताऱ्याला हाच प्रश्न विचारू द्या. अर्धा तास निघेल.

विदर्भकन्या_ओझी · ३ एप्रिल

एकच गोष्ट सांगते, पण महत्त्वाची आहे बाप्पा. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. मग साडेपाच-पावणेसहाला अंधार. संध्याकाळी आणि पहाटे कांगारू, वॉलाबी, वॉम्बॅट सगळे रस्त्यावर. तुम्ही फिरायला कुठेही जा, पण पाचपर्यंत मुक्कामी परत या. दोन वर्षांपूर्वी आम्ही "अजून उजेड आहे" म्हणत निघालो आणि एक कांगारू बाजूने येऊन दारावर आदळला. तो उठून गेला, गाडी नाही गेली. रेंज नव्हती. तासाभराने एक शेतकरी आला, त्याने ओढून नेलं, पैसे घेतले नाहीत, वर म्हणाला, "नशीब वॉम्बॅट नव्हता." वॉम्बॅट म्हणजे दगडच असतो.

अचानक कांगारू आला तर स्टिअरिंग फिरवायचं नाही, सरळ ब्रेक. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या. आणि आईबाबांच्या विम्याचा कागद जवळ ठेवा, व्हिजिटर व्हिसावर मेडिकेअर (इथली सरकारी आरोग्यसेवा) नसतं.

डबेवाली_चित्रा · ४ एप्रिल

खाण्याचं मी सांगते. बीचवर्थ बेकरीत सगळे जातात, तुम्हीही जाल. तिथला बी स्टिंग प्रसिद्ध, म्हणजे क्रीम भरलेला, वरून मध-बदामाचा थर असलेला बन. त्यात अंडं असणार हे धरून चाला, विचारल्याशिवाय आईंना देऊ नका. नेड केली पाय (pie) म्हणजे बीफ भरलेल्या पेस्ट्रीवर अंडं आणि बेकन, तिकडे वळूच नका. भाजीची पेस्टी मिळते, तिचं वरचं आवरण कशाने चकाकवलंय तेही विचारा, बहुतेक अंड्याने असतं. विचारायला लाजू नका, लहान गावात नीट सांगतात, मागे रांग असली तरी.

पण आईंसाठी खरी गोष्ट म्हणजे अ‍ॅन्झॅक बिस्किटं! ओट्स, खोबरं, गोल्डन सिरप, लोणी. मूळ कृतीत अंडं नसतंच. अ‍ॅन्झॅक डेला ती जाल तिथे मिळतील. आमच्या सासूबाई पहिला घास घेऊन म्हणाल्या, "अगं, हे तर खोबऱ्याचं खुसखुशीत काहीतरी आपलंच आहे."

सायकलवाला_बापू · ४ एप्रिल

अ‍ॅन्झॅक डेला पहाटेच्या सलामीला जा. मेलबर्नला हजारोंच्या गर्दीत मागे उभं राहण्यापेक्षा गावात बघा. स्मारकासमोर दोनतीनशे माणसं, अंधार, थंडी, कोणी बोलत नाही. बिगुल, एक मिनिट स्तब्धता, मग गावातल्या मेलेल्यांची नावं. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीला आपले हिंदुस्थानी सैनिकही हजारोंनी लढले होते, साताऱ्याकडच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. जाडं जॅकेट, कानटोपी घ्या. गावाची उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, पहाटे हाडं वाजतात.

शनिवारी शेजारच्या कुठल्याही ओव्हलवर फुटी (ऑस्ट्रेलियन फुटबॉल) बघा. मैदानाभोवती गाड्या तोंड आत करून लावलेल्या, लोक आतच बसून थर्मासमधला चहा पितात आणि गोल झाला की सगळ्या गाड्यांचे हॉर्न. खेळ कळायची गरज नाही.

कोरेगावकर · ४ मे

परत आलो. उशीर झाला, माफी. बाबांनी बजावलंय की "त्या लोकांना सविस्तर लिही", म्हणून लिहितो.

गुरुवारी अंधाराच्या आत पोचलो (@विदर्भकन्या, धन्यवाद, शेवटच्या वळणावर तीन कांगारू कुंपणापाशी उभे होते, आईने त्यांना नमस्कार केला). कुकर नेला होता. पहिल्या रात्री पिठलंभात.

शुक्रवारी पहाटे स्मारकापाशी. नावं वाचायला लागले तेव्हा बाबांनी टोपी काढली. एकाच आडनावाची तीन नावं लागोपाठ आली. नंतर एक आजी आमच्याजवळ आल्या आणि कुठले वगैरे विचारलं. बाबांनी कोरेगाव सांगितलं आणि मग पुढची दहा मिनिटं त्यांना मिलिटरी अपशिंगे हे गाव समजावलं, घरटी एक माणूस फौजेत असतो ते. आजींना किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी स्वतःच्या पिशवीतून बिस्किटांचा डबा काढून आईच्या हातात दिला. अंडं नव्हतं, आईने विचारून घेतलं.

दुपारी स्टॅन्ली. मांडणीवरून दोन किलो चेस्टनट घेतले. आईने डब्यात नाणी टाकली, मग मोजून आणखी एक नाणं टाकलं, "उगीच कमी नको." रात्री तिने ते कुकरला लावले. कोणी करत असेल तर सांगतो: आधी सालाला चीर द्या. आम्ही दिली नव्हती. दोन फुटले, पण शिट्टीच्या आवाजात कळलं नाही.

मधाच्या दुकानात आई पाऊण तास होती. मी बाहेर येऊन बाकावर बसलो.

शनिवारी तार कचेरी. मी आधी फोन करून विचारलं होतं, स्वयंसेवक असणार असं म्हणाले. आत एक गृहस्थ होते, बाबांच्याच वयाचे, पाहुण्यांसमोर बोटाने हळूहळू ठोकून दाखवत होते, हा डॉट, हा डॅश. बाबा दारातच थांबले. मला वाटलं, पाय दुखतोय. मग त्यांनी नुसती मान थोडी कलती केली आणि मला मराठीत म्हणाले, "वेलकम लिहितोय. ई राहिला." गृहस्थांनी खरंच चूक केली होती! मी त्यांना सांगितलं, हे तारबाबू होते. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि हाताने "बसा" म्हणाले.

बाबांनी शेवटची चावी कधी दाबली होती ते त्यांनाही आठवत नव्हतं. साताऱ्याच्या कचेरीत टेलिप्रिंटर आला तेव्हाच मोर्स सुटलं, आणि २०१३ च्या जुलैत तर तारच बंद झाली. पहिले दोन शब्द अडखळले. नंतर जो वेग आला, ते गृहस्थ हसायलाच लागले, म्हणाले, "सावकाश, मला उतरवून घ्यायचंय." मग दोघं आळीपाळीने. आम्ही बाजूला. अर्धा तास दोघांच्यात एक इंग्रजी वाक्य झालं नसेल. बाबांचं इंग्रजी तसं तुटक, त्यामुळे इथं आल्यापासून ते चारचौघांत गप्प असतात. त्या खोलीत बाबाच बोलत होते.

काय पाठवलंत, म्हणून नंतर विचारलं. "हवापाणी," म्हणाले.

रविवारी परतताना यॅकनडँडाला वाकडी वाट केली. तिथला पेट्रोल पंप गावकऱ्यांनी वर्गणी काढून विकत घेतलेला, बंद पडत होता म्हणून. बाबा साखर कारखान्याचे सभासद, हे कळल्यावर त्यांनी मला पंपावरच्या पोराला लाभांश मिळतो का विचारायला लावलं. त्या पोराला काही माहीत नव्हतं.

राहिलं ते: येड्डोनबा (गुडघा), ब्राइटची पानगळ (गर्दीचं ऐकून), फुटी (अर्धा तास बघितली, आई गाडीत झोपली, दोनदा हॉर्नने दचकून उठली). तुरुंग बाबांनीच नको म्हटलं.

खडूस_काका · ४ मे

ई राहिला म्हणजे? ई तर एकच डॉट असतो ना?

कोरेगावकर · ४ मे

एकच. बाबांचं तेच म्हणणं, की म्हणूनच राहतो.

वांगरट्टाची_सून · ५ मे

वाचता वाचता ड्युटीवर उशीर झाला. येड्डोनबा राहिलं ना? पुढच्या वेळी थेट घरी या, आमच्याकडून अर्ध्या-पाऊण तासावर आहे. काठी मी देते. चेस्टनटला चीर कशी द्यायची तेही दाखवते.

खडूस_काका · ५ मे

@कोरेगावकर, राहायची जागा कुठली घेतली होती? स्वयंपाकघरासकट. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. सहज विचारतोय.